ईबस करताना पूर्ण भूल की नुसती गुंगी? आणि ऑक्सिजनचं नक्की काय?

निळीछत्री

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढते आहे.

माझे सासरे, वय ६७, आम्ही गिरगावात राहतो. खोकला जातच नव्हता म्हणून सीटी केला, तर छातीच्या मधोमध, दोन फुप्फुसांच्या मध्ये, वाढलेल्या गाठी निघाल्या. थुंकीत टीबी सापडला नाही. डॉक्टर म्हणतात, टीबी, सार्कॉइड (गाठी वाढवणारा, संसर्ग नसलेला आजार) की आणखी काही हे गाठीतला तुकडा आल्याशिवाय सांगता येणार नाही, तेव्हा ईबस करू, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीवर बघत सुईने गाठीचा नमुना घेऊ. इथपर्यंत ठीक.

गोंधळ पुढे आहे. एका ठिकाणी सांगितलं की एंडोस्कोपीच्या खोलीत, हलकी गुंगी देऊन, नाकाला ऑक्सिजन लावून करू, संध्याकाळी घरी. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले की यांना ऑपरेशन थिएटरमध्येच घेऊ, भूलतज्ज्ञ हवेत, कदाचित एक रात्र ठेवू. खर्चाचा अंदाज अर्थातच वेगळा. तपासणी तीच आणि पद्धती दोन, मग बरोबर कोण?

बाबांची माहिती: वर्षानुवर्षं विडी, आता बंद. सीओपीडीचा, म्हणजे विडीने श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याच्या आजाराचा पंप चालू. वजन बरंच. घोरणं असं की शेजारचे विचारतात. अँजिओप्लास्टी झालेली, स्टेंट आहे, त्यामुळे क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. घरी बोटाच्या यंत्रावर सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९३-९४. नणंद म्हणते, "ऑक्सिजन लावणारच आहेत ना, मग भ्यायचं कशाला?" मला तेवढं सोपं वाटत नाही.

शंकासुर

सोपं आहे, दुसऱ्या हॉस्पिटलला बिल वाढवायचंय. थिएटरचे पैसे, भूलवाल्यांचे पैसे, एका रात्रीच्या खोलीचे पैसे. आमच्या मामांची दुर्बिणीची तपासणी घशात स्प्रे मारून झाली होती, गुंगीबिंगी काही नाही. खोकले, शिव्या दिल्या, संपलं. विमा आहे का विचारलं होतं ना त्यांनी आधी? मग झालं तर.

ज्येष्ठमध

माझ्या मते आधी अडुळशाचा काढा महिनाभर देऊन बघा. गाठी विरघळतात.

फुप्फुसपुराण

ज्येष्ठमध, कृपा करून नको. टीबी असेल तर महिनाभर अंगात वाढेल आणि कॅन्सर असेल तर महिना वाया जाईल.

निळीछत्री, मी छातीविकारतज्ज्ञ आहे, मुंबईतच. पेशंट न बघता अमुकच करा असं सांगणार नाही, पण दोन पद्धती का आहेत ते सांगतो.

शंकासुरांच्या मामांची झाली ती बहुधा साधी ब्रॉन्कोस्कोपी. तिची नळी बारीक, नाकातूनही जाते, बघणं आणि धुवून पाणी घेणं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. घसा नीट बधिर केला तर कित्येकांची गुंगीशिवायही होते, त्यात गैर काही नाही. ईबसच्या स्कोपच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवलेला असतो. टोकाशी जाडी साधारण ६.९ मिलिमीटर, म्हणून तो सहसा तोंडातून घालतात. श्वासनलिकेच्या भिंतीला टेकवून पलीकडची गाठ पडद्यावर बघायची आणि भिंतीतून सुई आरपार घालून नमुना घ्यायचा. एकेका गाठीत तीन-चार वेळा सुई, अशा दोन-तीन गाठी. अर्धा-पाऊण तास सहज जातो. गाठीला खेटून मोठ्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे सुई आत असताना पेशंटला जोराची उबळ आलेली कुणालाच नको असते.

तरीही ईबस म्हणजे पूर्ण भूल हवीच असं नाही. २०१५ साली ह्यूस्टनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १४९ पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला पूर्ण भूल, एकाला मध्यम गुंगी. निदान लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७० टक्क्यांच्या आसपास. फरक एवढाच की भूल दिलेल्यांची तपासणी सगळ्यांची पूर्ण झाली, आणि गुंगीवाल्यांत थोड्या जणांची अर्ध्यावर सोडावी लागली. म्हणजे सरसकट पेशंटसाठी दोन्ही मार्ग बरोबर.

पण तुमचे सासरे सरसकट पेशंट नाहीत. वजन, घोरणं, सीओपीडी, स्टेंट. ज्या हॉस्पिटलने 'यांना' थिएटरमध्ये घेऊ म्हटलं, त्यांनी निदान पेशंट बघून म्हटलेलं दिसतंय.

भुलाबाई

आमच्या धंद्याचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. मी भूलतज्ज्ञ, आयडी त्यावरूनच घेतलाय.

आधी नणंदेचं वाक्य, कारण ते मी दर आठवड्याला ऐकते आणि ते बाहेरच्या नातेवाइकांकडूनच येतं असं नाही. ऑक्सिजन लावला म्हणजे माणूस श्वास घेतोय असं होत नाही. श्वासाची कामं दोन: ऑक्सिजन आत आणणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. नाकात ऑक्सिजन सोडला की पहिलं काम अर्धवट श्वासावरही बराच वेळ निभतं. दुसरं निभत नाही. गुंगीच्या औषधाने श्वास उथळ झाला, मिनिटाला सहा-सातवर आला, तरी बोटावरचं यंत्र ९७ दाखवत राहतं. सगळे निश्चिंत, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो. तो चढला की गुंगी आणखी वाढते, श्वास आणखी मंदावतो. शेवटी सॅचुरेशन पडायला लागतं तेव्हा ते हळूहळू पडत नाही, धाडकन पडतं. शिवाय बोटावरचा आकडा काही सेकंद जुना असतो, हातपाय थंड पडलेल्या, रक्तदाब कमी असलेल्या माणसात आणखीच जुना.

म्हणून आम्ही श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड मोजतो. त्याला कॅप्नोग्राफी म्हणतात. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८च्या नियमांत मध्यम गुंगीतही ती सतत हवी असं आहे. ब्रॉन्कोस्कोपीत तिचा आकडा विश्वासाचा नसतो, हेही सांगून ठेवते. तोंड उघडं, वरून ऑक्सिजनचा झोत, मधूनच सक्शन, नमुना विरळ होतो. पण पडद्यावर लाट उमटते आहे की नाही, हे कळतं. लाट सपाट झाली तर सॅचुरेशनची वाट न बघता जबडा वर उचलायचा, औषध थांबवायचं, पेशंटला हाक मारायची. त्या मिळालेल्या वेळासाठी ते यंत्र आहे.

ईबसमध्ये एक जास्तीचा गुंता आहे. बाकीच्या बहुतेक शस्त्रक्रियांत पोट किंवा गुडघा सर्जनचा आणि श्वासनलिका आमची असते. इथे डॉक्टर आणि मी, दोघांनाही तीच नळी हवी असते. त्यांचा स्कोप माझ्या पेशंटच्या हवेच्या वाटेत. ते सक्शन करतात तेव्हा कफाबरोबर मी सोडलेला ऑक्सिजनही ओढला जातो. फुप्फुस धुवायला पाणी सोडतात, तेवढ्या भागात हवा जात नाही. म्हणजे अजिबात गुंगी नसलेल्या धडधाकट माणसातही या तपासणीत ऑक्सिजन थोडा उतरतोच. त्यावर औषध, त्यावर सीओपीडी, त्यावर घोरणं, म्हणजे झोपेत घशाची वाट अर्धवट मिटणं.

तर शंकासुर, पैशाचा प्रश्न बाजूला ठेवून हॉस्पिटलला विचारायचा खरा प्रश्न असा: स्कोप धरणाऱ्या डॉक्टरचं लक्ष पडद्यावर असणार, त्या वेळी फक्त श्वासाकडे बघणारा वेगळा माणूस खोलीत कोण? सिस्टर असेल तर ती सुया धुणं, स्लाइड बनवणं ही कामंही करते का? उत्तर 'तीच सगळं बघते' असं आलं, तर या पेशंटसाठी ती खोली नको.

आठ_बाराची_लोकल

माझी ईबस गुंगीत झाली, सार्कॉइड निघालं. अनुभव सांगतो. तोंडात कडू स्प्रे, घसा लाकडासारखा, गिळता येत नाही असं वाटतं आणि त्यानेच घाबरायला होतं. (गिळता येतं, फक्त कळत नाही.) मग शिरेतून काहीतरी दिलं. पुढचं काहीच आठवत नाही. बाहेर आल्यावर मी बायकोला म्हटलं की तपासणी रद्द केली वाटतं. ती म्हणाली, अहो, तुम्ही आत असताना दोनदा खोकलात, डॉक्टरांना 'झालं का' विचारलंत, त्यांनी 'आणखी पाच मिनिटं' म्हटलं, हे सिस्टरने मला सांगितलं.

हे नॉर्मल आहे का? मी जागा होतो की झोपलेला?

भुलाबाई

नॉर्मल. ते मिडाझोलामचं काम. आठवण साठवू देत नाही. मध्यम गुंगीत माणूस हाक मारली की ओ देतो, सांगितलं की डोळे उघडतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो, आणि नंतर त्यातलं काही आठवत नाही. खोल गुंगीत नुसत्या हाकेने भागत नाही, पुन्हा पुन्हा हलवावं लागतं किंवा चिमटा काढावा लागतो, आणि तिथे श्वासाची वाट बंद पडू शकते. त्यापुढे पूर्ण भूल. अडचण अशी की या पायऱ्यांना कठडा नाही. तेवढ्याच औषधात चाळिशीचा माणूस मध्यम गुंगीत राहतो आणि सत्तरीचा खोल गुंगीत उतरतो. म्हणून वयस्करांना थोडं थोडं देऊन, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून बघायचं असतं. घाई झाली की पहिला डोस चढायच्या आत दुसरा जातो.

औषधांबद्दल विचारलं नाहीये, तरी थोडक्यात. मिडाझोलाम आणि फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) ही जोडी जुनी, दोघांवर उतारा आहे: फ्लुमाझेनिल आणि नॅलोक्सोन. मात्र फ्लुमाझेनिलचा असर मिडाझोलामच्या आधी संपतो, म्हणून उतारा दिलेला पेशंट पुन्हा पेंगू शकतो, त्याला लगेच घरी धाडत नाहीत. प्रोपोफोल पटकन चढतं, पटकन उतरतं, पण त्यावर उतारा नाही, म्हणून ते श्वासाची वाट सांभाळता येणाऱ्याच्याच हातात असावं. डेक्समेडेटोमिडिनने श्वास फारसा दबत नाही, घोरणाऱ्यांत मला ते आवडतं, पण नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. हृदयाच्या पेशंटमध्ये जपून.

आणि ज्याची कुणी फिकीर करत नाही ते लिग्नोकेन, म्हणजे तो कडू स्प्रे. त्यालाही मर्यादा आहे, वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास. १० टक्क्यांच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम, शिवाय स्कोपमधून आत सोडतात ते वेगळं. सगळं धरून हिशेब ठेवायचा. फार झालं तर फिट येऊ शकते, हृदयाची लय बिघडू शकते. पण घसा नीट बधिर केलेला असेल तर गुंगीचं औषध कमी लागतं, हे मी ज्युनियरना पुन्हा पुन्हा सांगते. १८९७ साली गुस्ताव किलियनने जर्मनीत एका शेतकऱ्याच्या श्वासनळीत अडकलेलं हाड कडक नळीने काढलं, तेव्हा त्याच्याकडे घसा बधिर करायला कोकेन होतं, बाकी काही नाही. ब्रॉन्कोस्कोपीची सुरुवातच अशी झाली.

निळीछत्री

भुलाबाई, खूप धन्यवाद. आता कळलं मला नक्की काय विचारायचंय. पण मग थिएटरमध्ये घेतलं तर ऑक्सिजन कसा देतात? घशात नळी घालतात का? आणि हाय फ्लो म्हणून काहीतरी असतं ना, कोविडमध्ये ऐकलं होतं, ते चालेल का?

भुलाबाई

एकेक सांगते.

साध्या नाकातल्या नळीने मिनिटाला दोन ते सहा लिटर. पुष्कळांना पुरतं.

हाय फ्लो म्हणजे तापवलेली, दमट केलेली हवा मिनिटाला ६० लिटरपर्यंत नाकातून, त्यात ऑक्सिजन किती मिसळायचा ते यंत्रावर ठरवता येतं. ईबसवर याचे बरेच अभ्यास झालेत, साध्या नळीपेक्षा सॅचुरेशन पडण्याचे प्रसंग कमी होतात हे दिसलंय. नाक मोकळं हवं, आणि स्कोप तोंडातून असल्याने तोंड उघडं राहतं, त्यामुळे हवेचा दाब फार तयार होत नाही. माझी हरकत वेगळी आहे. हाय फ्लो लावला की खोलीतले सगळे सैल होतात. ते श्वास घेऊन देत नाही. पेशंटने श्वास घेणं सोडून दिलं तर बोटावरचं यंत्र ९८ दाखवत राहतं, तो अवधी हाय फ्लो फक्त लांबवतो. वर लिहिलं तेच.

ज्यांना आधीच दम आहे त्यांच्यासाठी दाबाचा मास्क, ज्याला स्कोप घालायला भोक असतं. घट्ट बसतो, माणूस घाबरतो, पण श्वासाला मदत करतो. घरी सीपॅप (झोपेत घशाची वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवणारं यंत्र) वापरणाऱ्यांनी आपलं यंत्र सोबत न्यावं, तपासणीनंतर रिकव्हरीत उपयोगी पडतं.

पूर्ण भूल द्यायची तर दोन मार्ग. एक आय-जेलसारखा मास्क, जो घशात, स्वरयंत्राच्या वर बसतो. दुसरी श्वासनलिकेत घालायची नळी. ईबससाठी मला पहिला जास्त पटतो. कारण हिशेब बघा. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १८ मिलिमीटर रुंद, त्यात ईबसचं टोक जेमतेम सातवा हिस्सा व्यापतं, आजूबाजूने हवा जाते. नळी घातली की पूर्ण वाटच ८ मिलिमीटरची. साधा ५.७ मिलिमीटरचा स्कोपसुद्धा ८ नंबरच्या नळीत निम्मी जागा खातो, ७ नंबरमध्ये दोन तृतीयांश. ईबसचा तर आणखी जाड. म्हणून नळीच घालायची तर ८ किंवा ८.५ची, त्याहून लहान नाही. शिवाय नळीमुळे वरच्या बाजूच्या गाठी झाकल्या जातात, डॉक्टर कुरकुरतात. अर्थात पोट भरलेलं असेल, उलटी फुप्फुसात जाण्याची भीती असेल, तर नळीच.

तुमच्या सासऱ्यांना जागेपणी ९३ आहे. सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड आधीपासून साठलेला असू शकतो. तपासणीआधी एकदा एबीजी मागा, म्हणजे धमनीतल्या रक्तातले ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी तपासणी. साठलेला निघाला तर तपासणीनंतर वॉर्डात ऑक्सिजन बेताने देतात, सॅचुरेशन ८८ ते ९२ राखतात. रात्री कुणी प्रेमाने झोत वाढवून ठेवू नये, हे नणंदेलाही सांगा.

शंकासुर

मान्य, बिलाचा मुद्दा मी मागे घेत नाही पण बाजूला ठेवतो. एक बाळबोध प्रश्न. थिएटरमध्ये घेतलंच आहे, यंत्रावर घेतलंच आहे, तर सरळ शंभर टक्के ऑक्सिजन द्या की. कटकट मिटली. टक्केवारीचे खेळ कशाला?

फुप्फुसपुराण

बाळबोध नाही, हल्ली याच्यावर बरंच काम चाललंय.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो रक्तात फारसा शोषला जात नाही, म्हणून फुप्फुसातले फुगे फुगलेले राहतात. शंभर टक्के ऑक्सिजन दिला की फुग्यांत फक्त ऑक्सिजन, तो भराभर रक्तात जातो आणि फुगे मिटतात. आडवा पडलेला, वजनदार, भूल दिलेला पेशंट असेल तर पाठीकडचा भाग वीस-पंचवीस मिनिटांतही दबू शकतो. आम्ही फुप्फुसाच्या कडेची बारकी गाठ शोधत असतो तेव्हा हा दबलेला भाग सोनोग्राफीवर गाठीसारखाच दिसतो. सुई त्यातच मारली तर रिपोर्ट 'काही सापडलं नाही'. तुकडा आला, पण चुकीचा. म्हणून अशा कामात ऑक्सिजन मुद्दाम कमी, चालेल तेवढाच, आणि श्वासाच्या शेवटी थोडा दाब ठेवून फुगे उघडे ठेवतात.

दुसरं, आग. श्वासनलिकेत वाढलेली गाठ जाळायची असेल, लेझर किंवा विजेच्या प्रोबने, तर ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय पेडल दाबायचं नसतं. आत ठिणगी, प्लॅस्टिकची नळी आणि भरपूर ऑक्सिजन एकत्र आले तर नळी पेटते. क्वचित होतं, पण झालं तर भयानक. त्या मिनिटभरात भूलतज्ज्ञ मोठ्याने 'चाळीसच्या खाली' म्हणतात आणि डॉक्टर मगच सुरू करतात. सॅचुरेशन उतरलं तर जाळणं थांबवून पुन्हा ऑक्सिजन वाढवायचा, भरला की पुन्हा कमी करायचा. असं चालतं.

मालवणीखाजा

विषय निघालाय म्हणून विचारतो. दादरला राहणाऱ्या मोठ्या बहिणीला आयएलडी (फुप्फुस हळूहळू कडक करणारा आजार) आहे, खिडकीत पिढ्यान् पिढ्या कबुतरं. डॉक्टरांना कबुतरांचाच संशय. क्रायोबायोप्सी, म्हणजे गोठवून फुप्फुसाचा तुकडा काढणं, म्हणतायत, आणि त्यासाठी कडक नळी घालून पूर्ण भूल. वर सगळे मध्यम गुंगी चालते म्हणतायत, मग हिला का नाही? ताई आधीच चालताना दमते.

फुप्फुसपुराण

कबुतरांचा संशय रास्त आहे. देशभरातल्या केंद्रांनी मिळून केलेली आयएलडीची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यात १०८४ पेशंटांपैकी जवळजवळ निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून जाणाऱ्या कणांच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज) होता, आणि पक्षी हे त्याचं एक कारण. कबुतरखान्यांवरून मुंबईत झालेल्या भांडणात मी शिरत नाही. खिडकीला जाळी मात्र आजच बसवा.

क्रायोबायोप्सीत बारीक प्रोब फुप्फुसात नेतात, गॅसने तो उणे ७० अंशांच्याही खाली गार करतात, आजूबाजूचा तुकडा त्याला गोठून चिकटतो, मग स्कोप आणि प्रोब एकदमच बाहेर ओढतात. तुकडा प्रोबला चिकटलेला असतो, स्कोपच्या भोकातून येत नाही. म्हणजे तुकडा तुटला, तिथून रक्त येतंय, आणि नेमक्या त्या क्षणी डॉक्टरचा डोळा बाहेर. म्हणून आधीच तिथे एक छोटा फुगा ठेवलेला असतो, तो लगेच फुगवून ती वाट बंद करतात, रक्त बाकीच्या फुप्फुसात पसरत नाही. हे सगळं करायला हवेची वाट पक्की हातात हवी, कडक नळी नाहीतर जाड नळी. यात गुंगीवर भागवणारं कुणी भेटलं तर मीच सावध होईन.

फुप्फुसाला भोक पडून बाहेर हवा साठण्याचा धोकाही यात जास्त, म्हणून नंतर एक्सरे किंवा सोनोग्राफी करतात. आणि ताईंची फुप्फुसाची ताकद फारच कमी असेल, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असेल, तर कुणी करणारच नाही. एकोचा रिपोर्ट झालाय का?

भुलाबाई

कडक नळीची एक बाजू माझ्याकडून. तिचं वरचं तोंड उघडं असतं, तिथून स्कोप जातो. मग फुगवायचं कसं? एकतर बाजूच्या तोटीला सर्किट जोडून, नाहीतर जेटने, म्हणजे दाबाखाली ऑक्सिजनचे झटके देत. जेटमध्ये हवा आत दाबाने जाते, बाहेर मात्र आपापली यावी लागते. बाहेर यायला वाट नसेल, किंवा सीओपीडीसारखी हळू येत असेल, तर छाती फुगत जाते. म्हणून त्या वेळी माझे डोळे मॉनिटरपेक्षा छातीवर असतात. छाती खाली बसल्याशिवाय पुढचा झटका नाही.

ओटी_सिस्टर

मॅडम-सरांनी मोठं मोठं सांगितलं, मी आमच्याकडचं सांगते.

नेलपॉलिश काढून या. गडद मेंदी असेल तर आधी सांगा, आम्ही कानाला प्रोब लावतो. कवळी घरी ठेवू नका, आणा, पण आत जाताना काढायची. हलणारा दात असेल तर दाखवा, तोंडात बाइट ब्लॉक ठेवतो, दात निघून आत गेला तर नवीनच काम.

उपाशी म्हणजे जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. चहात दूध असतं, तो पाणी नाही. हे रोज एकाला तरी समजावते. सकाळची बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. पंप मात्र घ्यायचा आणि सोबत आणायचा.

क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट कधी बसवला त्यावर आहे. हृदयाचे डॉक्टर आणि छातीचे डॉक्टर बोलून ठरवतात, साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात.

झाल्यावर दोन तास तोंडात पाणीसुद्धा नाही, घसा बधिर असतो, ठसका लागून फुप्फुसात जातं. नातेवाईक हळूच नारळपाणी पाजतात, पाजू नका. संध्याकाळी ताप येऊ शकतो, थुंकीत रक्ताची रेघ येऊ शकते, घाबरायचं नाही. चमचाभर किंवा जास्त ताजं रक्त, छातीत कळ, दम वाढणं, हे झालं तर लगेच परत या. चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि बँकेच्या कागदावर सही करायची नाही. हसू नका, करतात लोक.

परळ_नाका

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी परळला टाटा, केईएमच्या पेशंटांना राहण्या-खाण्याची माहिती देण्याचं काम करतो. ईबस डे-केअर असली तरी त्याच रात्री कल्याण-कसाऱ्याकडे गर्दीच्या लोकलने पेशंटला नेऊ नका. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पण जागा मिळेलच असं नाही, आधी चौकशी करा. सोबत एक तरी धडधाकट माणूस हवा, त्याशिवाय आत घेत नाहीत. सीटीची सीडी आणा, नुसता रिपोर्ट नको. आणि घरी ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटला टॅक्सीतून आणताना सिलिंडर किती तास पुरेल ते निघण्याआधी मोजा. पेडर रोड आणि हिंदमाता पावसाळ्यात काय करतील सांगता येत नाही.

निळीछत्री

काल दुसऱ्या हॉस्पिटलात भुलेच्या तपासणीला जाऊन आलो. भुलाबाईंचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई जरा चमकल्या, मग नीट बसून बोलल्या. एबीजी केली, कार्बन डायऑक्साइड थोडा वाढलेला निघाला. आय-जेल घालून करणार, कॅप्नोग्राफी आहे, त्यांच्यासोबत आणखी एक ज्युनियर फक्त मॉनिटरवर. क्लोपिडोग्रेलचं हृदयवाले डॉक्टर ठरवतायत, म्हणून तारीख पुढच्या आठवड्यातली. रात्रभर ठेवणार, घोरण्यामुळे.

पहिल्या हॉस्पिटललाही फोन करून तेच विचारलं. ते म्हणाले, एबीजी अशी असेल तर आम्हीही थिएटरमध्येच घेऊ.

खारीबिस्कीट

चांगला धागा. माझा प्रश्न जरा वेगळा. भावाचं वय ४४, गुटखा खातो, आता तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. त्यालाही ईबस सांगितलीय. स्कोप तोंडातून जातो म्हणे. मग याचं काय? पूर्ण भूल दिली तर सोपं जाईल ना, स्नायू ढिले पडतील?

भुलाबाई

नाही, उलट. गुटख्याने गालाच्या आतलं अस्तरच आवळलेलं असतं, तो स्नायूंचा ताठरपणा नाही. भूल दिली तरी तोंड दोनच बोटं उघडणार, आणि आता तो श्वासही स्वतः घेत नसणार. आय-जेल आत जाणार नाही, नळी घालायला घसा दिसणार नाही. मुंबईत हे पेशंट इतके येतात की आमच्याकडे तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे सगळ्यांनाच करायला लावतात.

अशा वेळी जागेपणीच करायचं. नाक आणि घसा नीट बधिर करून, नाकातून हाय फ्लो चालू ठेवून. ईबसचा स्कोप नाकातून जाईल का ते नाकपुडीवर आहे, काहींचा जातो. जात नसेल तर आधी बारीक साध्या स्कोपवरून नाकातून नळी घालता येते, पण नाकातून जाणारी नळी बारीक, तिच्यातून ईबस जाणार नाही, वर हिशेब दिलाच आहे. मग गाठीपर्यंत अन्ननलिकेकडून पोचायचं का, की सीटीखाली बाहेरून सुई मारायची, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील.

भुलेच्या तपासणीला त्याने तोंड उघडून दाखवावं आणि किती वर्षं खातोय ते खरं सांगावं. वहिनींना आत सोबत पाठवा, आकडा बरोबर येतो.